पिवळं सरबत

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, हे अख्ख्या दवाखान्याला कळलं होतं.

"ताई, एकाच पातेल्यातलं सरबत होतं गं! अर्ध्यात लाल रंग, अर्ध्यात पिवळा. डोळे जिभेला कसं फसवतात, ते मुलांना दाखवायचं होतं."

"मग बिघडलं कुठे?"

"प्राचार्य आले. दोन्ही प्यायले आणि छातीठोकपणे म्हणाले, लाल छान गोड आहे, पिवळं नासलंय."

"अगंबाई! मुलं हसली असतील."

"बाकं बडवून हसली."

"आता भोग! नोकरी कायम व्हायला महिना राहिलाय तुझी."

"नोटीसही आली. विद्यार्थ्यांना नासकं पिवळं सरबत पाजलं म्हणून."

"आणि लाल?"

"त्याबद्दल तक्रार नाही!"

"शहाणी असशील तर माफी लिहून दे."

"कसली माफी? पातेलं एकच होतं, हे किती जणांना ओरडून सांगू?"

"मग करणार काय?"

"सोमवारी तिघांची चौकशी समिती येतेय, चव बघायला."

"देवा! निदान ताजं तरी कर."

"ताजंच करणार, एकाच पातेल्यात. आणि या वेळी हिरवंही ठेवणार."