भिंतीवरचं झाड

नाही नाही, मुलांना झाडाखाली नका बसवू — म्हणजे त्या भिंतीवरच्या झाडाखाली हो, खरं झाड इथे उरलंय कुठे, सगळी खाणीनं खाल्ली — जाऊ दे, मी काही बोलले नाही. कंपनीच्या अहवालासाठीच फोटो हवेत ना दादा, मग खिडकीकडून काढा, उजेडही छान आहे. झाडच हवंय? साहेबांनी सांगितलं असेल. सांगणारच. कंपनीनं गावाला बांधून दिलेली बालवाडी, हिरवं झाड, हसरी मुलं — याच फोटोवर शाश्वत विकासाचा पुरस्कार मिळणार म्हणतात. आणि तो मिळाला की संपलं, बालवाडी इथून हलत नाही. पुरस्कार मिळालेली इमारत कोण हलवतं? — आई गं! काय पडलं? तुमचा स्टँड होय. हसू नका. मुलांचं खाणंपिणं बघणाऱ्या आमच्या मावशीही हसतात, म्हणतात, बाई, पेन्सिल पडली तरी उडता तुम्ही. उडते मी. महिनाभर बसा इथे, तुम्हीही उडाल.

नीट बघा ना त्या झाडाकडे. कुठल्या झाडाला अशी फांदी असते, दारावरून थेट कोपऱ्यात गेलेली? आधी नुसतं खोड होतं — खोड कसलं, तडा होता. खाणीत सुरुंग उडाला की भिंत हादरते, तडा पुढे सरकतो. मी साहेबांना म्हटलं, इंजिनिअर पाठवा. त्यांनी पेंटर पाठवला. तडा वर चढला, मी पुन्हा इंजिनिअर मागितला, पुन्हा पेंटर — त्यानं फांदी काढली, वर पोपट बसवला. मी इंजिनिअर मागायचा आणि झाडाला पालवी फुटायची! पेंटरकाका तरी काय करणार, म्हणतात, पोरी, मला ब्रश दिलाय, सिमेंट नाही. साहेब म्हणतात, तुम्ही घाबरट आहात, समाजकार्य शिकलेल्या माणसानं सकारात्मक असावं. आहे की सकारात्मक! सुरुंगाआधीचा भोंगा वाजला की मुलांना घेऊन मैदानात पळते, सांगते हा खेळ आहे. मुलं टाळ्या वाजवतात. अहवालात त्याला ‘मैदानी उपक्रम’ म्हणून छापलंय.

ती लाल रिबनवाली — माझी भाची. ताई रोज विचारते, तिथे सगळं नीट आहे ना गं? मी काय सांगते? सांगते, छान झाड काढलंय. — बघा, तुम्हाला कशाला हे सांगत बसले! साहेबांना नका सांगू, माझी नोकरी कंत्राटी आहे... नाही, सांगा. सांगाच. टेकडीपलीकडे कंपनीचं क्लबघर रिकामं पडलंय, खाणीपासून लांब, बालवाडी तिथे न्या म्हणतेय, एवढंच तर —

भोंगा! चला, चला, पळायचं, कोण पहिलं? मावशी, धाकट्याला उचला! दादा, कॅमेरा राहू दे, आधी बाहेर — या म्हणते ना!

...झाला. थांबा रे पोरांनो, धूळ बसू दे. दादा, कानांवरचे हात काढा, झाला म्हटलं. या. आत नका जाऊ, दारातूनच बघा. पोपटाच्या वर. सकाळी नव्हती ती फट. बाहेरचा उजेड येतोय त्यातून, दिसतो? आता काढा फोटो. मुलं नाही मिळणार, एकटं झाड काढा. काढलात? मग निघा बघू — पेंटरकाका यायच्या आत.