ती दोरी नव्हे

मी मूळची घोडपदेवची. वडील गिरणीत, आई मालवणची, तोंडाने फटकळ, तिचं तोंड तेवढं माझ्या वाटणीला आलं, दागिने नाही आले. लग्न होऊन फणसवाडीत आले ती ह्याच चाळीत, अकरा नंबरच्या खोलीत, आणि अजून तिथेच आहे. मुलगा नितीन, त्याच्या लग्नात पंधरा नंबर मिळाली. मधे तीन बिऱ्हाडं परक्यांची, परकी तरी कसली, जन्म गेला एकमेकांकडे विरजण मागण्यात.

काय सांगू तुम्हाला, आमच्या ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढा बोलका माणूस हो, गोदीच्या ऑफिसात टायपिस्ट, घरी आले की तोंड बंद नाही. मोबाइलच्या इवल्याशा अक्षरांवर बोट पडेना, पण जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुढे ठेवला तर डावा हात आपणहून अक्षरं शोधायला लागला. मी दिवसा पंधरा नंबरात ब्लाउज शिवते, तिथे उजेड चांगला, पण मशीनच्या खडखडाटात घंटी वाजवली तरी ऐकू येत नाही. म्हणून नितीनने सोय केली. राउटर पंधरात, माझ्या मशीनशेजारी जुना लॅपटॉप, तो बिनवायरचा. ह्यांच्या कॉम्प्युटरला मात्र राउटरपासून वायर, गॅलरीतून, तिन्ही बिऱ्हाडांच्या दारांवरून. हे तिकडे लिहिणार, इकडे माझ्यासमोर उमटणार. चहा. पंखा कमी कर. एकदा लिहिलं, आमटीत मीठ नव्हतं. म्हटलं चला, माणूस बोलायला लागला.

आता चाळीत गॅलरीला आडवं काहीही बांधा, ती सगळ्यांची दोरी. दुसऱ्याच दिवशी वायरीवर उशांचे अभ्रे. मी सांगितलं, ही दोरी नव्हे. तर बारा नंबरच्या शिंदेवहिनी म्हणतात, अहो रुमालच तर आहे. रुमाल म्हणे! रुमालामागून ओला परकर, परकरामागून सतरंजी, आणि वायर राउटरमधून निसटली. मी भांडले, भांडणारच. तर आमचे चिरंजीव म्हणतात, आई, रोजची कटकट कशाला, वायर आता वापरतं कोण, आणि वायर गुंडाळून टाकली माळ्यावर. ह्यांच्या कॉम्प्युटरला बोटाएवढं काहीतरी खोचलं, म्हणे आता वायफायवर चालेल. पाच मिनिटं चाललेलं बघितलं आणि गेला ऑफिसला. अरे, पण मधल्या भिंती केवढ्या जाड, प्रत्येक भिंतीला लोखंडी कपाट टेकलेलं, त्यातून येणार कुठून ते?

त्या दिवशी मी दुपारभर शिवत होते. लॅपटॉप गप्प. मला वाटलं, झोप लागली असेल. संध्याकाळी अकरात आले तर हे घामाघूम, ओठ सुकलेले, पाण्याचा तांब्या हाताच्या पलीकडे सरकलेला. स्क्रीनवर ओळीखाली ओळी, एकही माझ्यापर्यंत आलेली नाही. पाणी. पाणी दे. अगं पाणी. आणि शेवटी, असू दे, तुझं काम आटप.

असू दे? का म्हणून असू दे? पाणी पाजलं आणि माझं डोकंच फिरलं. नितीन आला तसा त्याला तिथेच उभा केला, म्हटलं, वाच. आणि म्हटलं, तुझ्या बापाची वाचा तू माळ्यावर गुंडाळून ठेवलीस. त्याने वाचलं आणि बूट न काढताच माळ्यावर चढला.

आता वायर उंचावर ठोकलीय. पण कसलं काय, लोक स्टुलावर चढतात. परवा बघते तर शिंदेवहिनींच्या नातवाचा लंगोट वर लटकतोय. असं तोंड सोडलं मी की निम्मी चाळ बाहेर आली. कोणाला कळत कसं नाही हो, त्या वायरीवर एका माणसाचा जीव टांगलाय! घसा बसला तेव्हा मशीनवर येऊन टेकले, तर लॅपटॉपवर ह्यांची ओळ आलेली. बाळाचं आहे गं, वाळू दे. आणि तिच्याखाली दुसरी, किती ओरडलीस, पाणी पी.

काय करणार, प्यायले.