लेखकाला उठवायची पद्धत

—नाही ताई, गादीला हात लावायचा नाही. गादी माझी. तुमच्या भावाची ही पत्र्याची पेटी, त्या चपला आणि तो कागदांचा गठ्ठा. घ्या आणि चला... म्हणजे एवढ्यात नको. बसा आधी. खुर्ची डुगडुगते, पण पडत नाही—तुमचा भाऊ इथे राहायला आल्यापासून तिच्यावर डुगडुगत होता, पडला का कधी? मग. पाणी हवं? अगं, पाणी आण! ...आणणार नाही ती. आठवडा झाला, बोलत नाही माझ्याशी. नुसती भांडी बोलतात. ऐकलंत? आमच्या संसारात सध्या पातेलंच काय ते तोंड उघडतं.

मी काढलं त्याला घरातून? असं म्हणाला तो? मी काढलं नाही. मी उठवलं. काढणं वेगळं, उठवणं वेगळं. जन्मभर मी माणसं उठवली. कारखान्याचा भोंगा माझ्या हातात होता—मी दांडा ओढला की सगळा गाव उठायचा. कामगार उठायचे, त्यांच्या बायका उठायच्या, तान्ही पोरं उठायची, मेलेली सोडून सगळी उठायची. अजून भोंगेकाका म्हणतात मला. पोरं पाठीमागून नुसतंच भोंगा म्हणतात, तेही ऐकू येतं. शाळा चौथीत सोडली मी, पण हेडमास्तर माझ्या भोंग्यावर घड्याळ लावायचे. तर अशा माणसाच्या घरात हा भाडेकरू. लेखक! उठणार कधी—ऊन घरात येऊन, बसून, कंटाळून परत गेलं की.

आणि त्यानेच सांगितलं हो! हात जोडून. 'काका, साप्ताहिकाचे संपादक चिडलेत, गोष्टीचा भाग दर वेळी उशिरा जातो. मला सकाळचं वळण लावा. सकाळी डोकं ताजं असतं म्हणतात.' म्हणतात नाही, असतं. मी म्हटलं, लावतो, पण एकदा लावलं की सोडणार नाही. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय. मी गंमत करत नाही.

काय केलं म्हणजे? कुणीही करेल तेच. पहाटे उशाशी एक ताट आणि एक कालथा. वाजवला. उठला. उठला म्हणजे उडाला. मग थंड पाण्याने आंघोळ. मग जिना झाडायचा—बसून काम करणाऱ्याची कंबर आखडते, झाडलं की मोकळी होते, आणि जिनाही झाडून होतो. त्यात माझा स्वार्थ काय? जिना त्याचाही आहे. मग चहा, एकच कप, उभ्याने. मग टेबलाशी. टेबल खिडकीपाशी होतं, ते मी भिंतीकडे फिरवलं. हा खिडकीतून बघत बसायचा ना! मी विचारलं, काय करतोस? म्हणे, विचार करतोय. विचार करायला खिडकी कशाला लागते? माझ्या भोंग्याच्या खोलीला खिडकीच नव्हती, माझं काही अडलं? मग दाराला बाहेरून कडी. मध्येमध्ये दार वाजवून विचारायचं, किती पानं झाली? आणि खोडायचं नाही. हा नियम खास माझा. तो म्हणाला, काका, खोडल्याशिवाय लिहिता येत नाही. मी म्हटलं, वाजलेला भोंगा मला परत घेता यायचा का? नाही ना? मग एकदाच नीट लिही.

आणि लिहिलं की! पानंच्या पानं. भाग वेळेच्या आधी जायला लागले. संपादकांची शाबासकी आली, ती सांगायला हा दार ठोठावतोय आतून. मी म्हटलं, कळलं, पुढचं लिही.

बिघडलं ते गोष्टीत. तुम्ही वाचता ना ती? ...वाचत नाही? सख्खी बहीण असून? आमची ही वाचते. दर आठवड्याला, स्वयंपाकघरात, मोठ्याने. मी नाही हो ऐकत. मी आपला दाराशी बसून चपला पुसतो. कानावर पडतं. तर एक चोर असतो आणि एक कुलूपवाली असते, विधवा. हा रोज रात्री तिच्या घरी चोरी करायला जातो, ती रोज नवं कुलूप बनवून लावते. तो उघडतो, ती आणखी अवघड बनवते. दोघं एक शब्द बोलत नाहीत, पण त्या कुलपांतून समजतं सगळं. म्हणजे ही म्हणते, समजतं. मला काय. एका भागात तिने कुलूपच लावलं नाही. नुसतं दार लोटलेलं. आणि हा बाहेर उभा—आत जाणार कसा? उघडायला काही नाहीच! उजाडेपर्यंत उभा राहिला आणि माघारी गेला. त्या दिवशी मी एकच चप्पल पुसत बसलो, दुसरी तशीच राहिली.

मग माझं वळण लागलं. आणि चोर रात्री लवकर झोपायला लागला! खरं सांगतो. पहाटे उठतो, थंड पाण्याने आंघोळ करतो, स्वतःचा जिना झाडतो आणि मग चोरीला निघतो. तोवर कुलूपवाली उठून कामाला लागलेली. म्हणते, या. दोघं उभ्याउभ्या एकेक कप चहा पितात आणि आपापल्या कामाला जातात. झालं. संपलं प्रेम. ही माझ्यावर कडाडली—'चोर रात्री झोपला तर चोरी काय दुपारी करणार?' मी म्हटलं, वाईट काय त्यात, चोराला वळण लागलं. त्यावर पळी आली. अंगावर.

तेही चाललं असतं. पण मागच्या भागात एक नवाच माणूस आला. म्हातारा. शिट्टीवाला. पहाटे गल्लीत शिट्टी वाजवत फिरतो, सगळ्यांना उठवतो. कानात केसांचे झुपके, बनियन उलटं... काय बघताय? शिवण बाहेर ठेवली की टोचत नाही, म्हणून घालतो मी असं. उलटं नाही ते. जाऊ द्या. तर हा म्हातारा शिट्टी वाजवत चाललेला असतो, पाय घसरतो आणि विहिरीत पडतो. बस्स. खाली लिहिलेलं, पुढील अंकी. ही वाचताना हसली, ताई. तोंडावर हात धरून, पण हसली.

मला राग आला नाही. मी फक्त कडी काढून आत गेलो आणि विचारलं, विहिरीला पाणी आहे का? म्हणे, ठरवलं नाही. खोल किती? ठरवलं नाही. म्हातारा जिवंत आहे का? 'काका, अजून ठरवलं नाही.' ठरवलं नाही म्हणजे? माणूस तिकडे अधांतरी आहे! मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ त्याला वर. म्हणे, गोष्टीत असं सांगून होत नाही. मी म्हटलं, दोर सोड, बादली सोड, काय वाटेल ते सोड—नाहीतर खोली सोड. एवढंच म्हटलं. तर हा खरंच गेला. अंगावरच्या कपड्यांनिशी. आता याला काय काढणं म्हणतात?

बरं, या आठवड्याचा अंक आला. ही वाचत बसली, पण मनातल्या मनात. मुद्दाम. ओठ मिटून. मी विचारणार नाही, ती सांगणार नाही. शेवटी न्हाव्याकडे गेलो. दाढी वाढली नव्हती, तरी करून घेतली. त्याला म्हटलं, जरा अंक चाळ, काही विशेष आहे का बघ. तो म्हणाला, गोष्ट नाही या वेळी, लेखकाची प्रकृती बरी नाही असं छापलंय. म्हणजे ही एवढा वेळ काय वाचत होती? नाटक! ...आजारी आहे का तो? ताप वगैरे? नाही ना? बरं. मी आपलं विचारलं. म्हणजे म्हातारा अजून विहिरीतच. या वयात. ओल बरी नाही हो गुडघ्यांना.

ताई, तुम्ही त्याला सांगा. मी म्हणालो म्हणू नका, काकू म्हणाल्या म्हणा. टेबल मी परत खिडकीपाशी लावलंय, दिसतंय तुम्हाला. कडीही काढली. स्क्रू जपून ठेवलेत, पण काढली. उठायचं तेव्हा उठू दे त्याला. म्हणजे... जेवणाच्या आधी उठू दे. खोडायचं तर खोडू दे. म्हाताऱ्याला मारायचं तर... नाही. ते नाही. ते सोडून काहीही.

काय? लिहिलं? कधी? काल रात्री? रात्रभर बसून? तुम्हाला वाचून दाखवलं? मग मघापासून गप्प का तुम्ही! आणि? अहो, हसू नका, सांगा. निघाला? वर? कुणी काढला? चोराने! रात्री! तरीच—रात्रीचं जागं दुसरं कोण असणार. शिट्टी ऐकून आला? विहिरीतून वाजवत होता म्हातारा? वाजवणारच. तो थांबणारा माणूस नव्हे. अगं, ऐकलंस का, काढला गं त्याला! ...काय म्हणाली? 'बरं झालं' म्हणाली ना? तुम्हीही ऐकलंत?

मग वर आल्यावर म्हातारा काय बोलला? चोराचे आभार मानले? नाही? 'इतका वेळ काय करत होतास?'—असं म्हणाला? हं. बरोबर बोलला. मीही दुसरं काही बोललो नसतो.

आता कुठे आहे तो? खाली, गाडीत? वर का नाही आला मग, मी काय खातो त्याला? ...झोपलाय? थांबा. सरका, बघू द्या. ...हो. तोंड उघडं टाकून. भर उन्हात. लोक कामाला चाललेत आणि हा... नको, नको, हाक मारू नका. आणि तो तुमचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून का बसलाय? जा, आधी खाली जा, हात काढायला सांगा त्याला. आणि ताई—पाय न वाजवता जा.