मालवणची सोयरीक

शेगाव स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे जानेफळचं एक जोडपं उभं होतं, साठी ओलांडलेलं. मालवणला जायचं ठरलं होतं, जेवायचं कुठे ते ठरत नव्हतं.

“मनकर्णे, मरायच्या आधी मले एक डाव ताजी सुरमई खायाची हाये.”

“खा ना. पण हॉटेलात? लोक काय म्हनतीन, परगावात यांचं एकही सोयरं नाही?”

“नाहीच ना तिकडं कोनी.”

“मंग आपल्या पोराले, हर्षलले तिकडचीच पोरगी पाहू. इवायाच्या घरी, सुनेच्या माहेरी हक्कानं जेवू.”

“पोरगी पाहाले गेलं त पोहेच भेटतेत वं.”

“अन् साखरपुड्यात?”

“गुलाबजाम.”

“लग्नात तरी मच्छी असंन?”

“लग्नात कुठं मच्छी राह्यते? तिथं मसालेभात. मच्छी जावयाले, लग्न झाल्यावर सासुरवाडीले गेला म्हंजे.”

“म्हंजे हर्षल खाईन? त्याले त वासानंच मळमळते!”

“हाव.”

“अन् आपून?”

“आपल्याले टोपी, टॉवेल अन् नारळ.”

“एवढ्या दूर जाऊन नारळ?”

“म्हनून म्हंतो, खायाचं असंन त जावईच व्हा लागते. आता मीच होतो जावई.”

रांग बरीच पुढे सरकली.

“व्हा. पण पहिल्या जेवनाले मी संग येईन.”

“कोन म्हनून?”

“करवली म्हनून.”

तेवढ्यात खिडकी आली. आतून प्रश्न आला, “किती तिकिटं?”

“जातानी दोन,” मनकर्णाबाई वाकून म्हणाल्या, “येतानी तीन.”