बापानं भरायचा कागद

नाई नाई, माह्या हातात नका देऊ — तुमीच लिहा. पेन तुमचा, अक्षर तुमचं, मी सांगतो तसं उतरवा फक्त. हो, सिस्टरनं म्हटलं ना, बापानं सोता भरायचा, मायनं नाई — आयकलं म्या बी, बहिरा नाई मी. पण आतून तिले का दिसते? दोन पानांचा ॲडमिशनचा कागद आहे अन मी चवथी शिकलो, त्यातबी अर्धं वर्ष ढोरायच्या मांगं. मी लिहाले बसलो त शाळा सुटन. तुमचा कागद भरून झाला, तुमची पोरगी तेथं झोका खेळून राह्यली, तुमाले का काम आहे आता? सरका जरासे. हं, लिहा — ओमप्रकाश बापूराव कामडी. मुक्काम खडकी, तालुका देवळी. धंदा शेती, अन दुधाचा. पोरीचं नाव नंदिनी. चवथीत जाईन. आत गेली ते सिस्टरसंगं — पाह्यलं ना तुमी, सिस्टरनं हात पुढं केला अन तिनं धरला. धरला! माह्या गाडीवर येतानी ते मांगचा लोखंडी दांडा धरून बसते, माहा शर्ट नाई धरत. … हे नका लिहू. पुढं वाचा.

'आधीची शाळा.' लिहा, वर्ध्याची — तेच हो, ते नंबरवाली. चौकात एवढा मोठा बोर्ड आहे, पोरायचे फोटो, खाली मार्क. काऊन पाहून राह्यले असे? काढली नाई तिले तेथून. मीच काढून राह्यलो. तिची जागा आजबी आहे तेथं — चार वाजेपर्यंत हो म्हणा, म्हणे, नाई त दुसऱ्याले देतो, लाइन लागली आहे. मालूम आहे मले लाइन लागली आहे. दोन वर्षं मीच होतो त्या लाइनीत. ट्रॅक्टर घेऊन त्या बोर्डाखालून गेलो का वर पाहो, म्हणो, एक दिवस आपल्या नंदीचा फोटो येथं लागन, रिबिन बांधलेला. सारं गाव पाहीन.

अन ह्या शाळेचं सांगू? हसू नका पण. सहा वर्षं झाले, रोज सकाळी ह्याच शाळेच्या होस्टेलात दूध घालतो मी. मांगच्या फाटकानं येतो, कॅन ठेवतो, जातो. समोरच्या दारानं आज पयल्यांदा आलो. अन टपरीवर बसून मीच म्हणो — जे लेकरू कोठंच चालत नाई ते सिस्टरच्या शाळेत घालतेत, तेथं अभ्यास ना पाणी, नुसते गाणे म्हणतेत अन झाडं लावतेत. तुमच्या पोरीले नाई म्हणून राह्यलो, बावा! बसा ना, उठता का. मांगच्या दिवाळीत नंदिनी आलती माह्यासंगं दूध घालाले. सिस्टरनं इचारलं, दात पडला का गं? बस, एवढंच. चार महिन्यानं मी एकटाच आलो त मले म्हणते, 'ओमप्रकाशभाऊ, नंदिनीचा दात आला का?' मले का मालूम! माह्या पोरीचा दात, अन मले घरी जाऊन पाहा लागलं. तोंड उघड म्हटलं त ते — जाऊ द्या. पुढं वाचा.

धर्म? कुणबी, हिंदू, लिहून टाका. बापू — माहा बाप हो — तो म्हणते, पोरगी किरिस्तान होईन. म्या आंधीच सिस्टरले तोंडावर इचारलं, आपल्याले वाकडं बोलता येत नाई. ते म्हणे, 'आम्ही रोज सकाळी प्रार्थना करतो, येशूचं नाव घेतो, ते तुमच्यापासून लपवणार नाही. तिनं म्हटलीच पाहिजे असं नाही. घरी तुमची आरती होते ना, ती चालू ठेवा.' आता याच्यावर का भांडता? मी त भांडाच्या तयारीनंच आलतो. सारं तसंच पोटात राह्यलं.

'मुलीची जवळची मैत्रीण.' हे का भानगड आहे? थांबा, छायाले फोन लावतो, माह्या बायकोले. — हालो. अवं, नंदीची दोस्त कोन आहे? … शाळेतली अवं! … कोनीच नाई म्हणजे? … बरं. ठेव. — नाई म्हणते. कशी राहीन? तेथं बाक नंबरानं देतेत ना, दर महिन्याले. पोरगी एकीसंगं बोलाले लागली का महिना संपला, नंबर बदलला, बाक बदलला. नका, 'नाई' नका लिहू, बरं दिसत नाई. कोरी सोडा जागा.

'काय करायला आवडतं.' लिहा, अभ्यास. … बरं बरं, खोडा, असं नका पाहू. गोठ्यात आमचं वासरू आहे, त्याच्या कपाळाले खडूनं टिकली लावते अन त्याले शाळा शिकवते. 'ऊठ येथून, हे जागा तुही नाई, मांगं जाऊन बस' — असं म्हणे वासराले. म्या कुडाच्या मांगून आयकलं. हसलो तवा. आता नाई येत हसू. वासरू लिहा.

'शाळा बदलण्याचं कारण.' लिहा, लांब पडते. … हो, ते शाळा अन हे शाळा एकाच रस्त्यावर आहे, मले मालूम नाई का! वकील आहे का तुमी? एवढं खरं-खोटं कराले? …  बरं, आयका. पण लिहू नका हे. मार्च महिन्यात पालकायची मीटिंग होती. म्या पांढरा शर्ट इस्तरी केला, सगळ्यायच्या आंधी गेलो अन पयल्या खुर्चीत बसलो. आमच्याकडं जो आंधी येते तो पुढं बसते — लगन असो का भागवत सप्ताह. शिपाई आला, म्हणे काका, उठा, हे पयल्या नंबरवाल्याच्या बापाची खुर्ची आहे. उठलो, मांगच्या खुर्चीत बसलो. तेथून उठवलं. आणखी मांगं. पाच-सात खुर्च्या बदलल्या म्या, मले समजलंच नाई का खुर्च्यायच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या आहेत, लेकराच्या नंबरानं मायबाप बसवतेत. लोकं हसून राह्यले. एक बाई म्हणे, 'अहो, शेवटून मोजा ना, लवकर सापडेल.' शेवटी दाराजवळ, जेथं चपला होत्या, तेथं भेटली माही खुर्ची. एकोणचाळीस. बेचाळिसातून. अन नंदिनी भिंतीले टेकून सारं पाहे — बाप कसा खुर्ची-खुर्ची उठते ते पाहे. मंग म्याडमनं तिचं नाव घेतलं, इंग्रजीत काही बोलली, मले एकच शब्द समजला, 'वीक'. मी उठलो, भिंतीजवळ गेलो अन तिले झापड मारली. एक. एकच. …

एक नाई. दोन असतीन. — चार. चार मारल्या म्या, बावा. पयल्या झापडीले 'बाबा' म्हटलं तिनं. मंग काहीच नाई म्हटलं.

अन कोनी उठलं नाई. चाळीसेक मायबाप, म्याडम, तो शिपाई. म्याडमनं कागद पालटवला अन म्हटलं, 'नेक्स्ट'. तुमाले खरं सांगू — मले बरं वाटलं तवा. वाटलं, चला, कोनी काही म्हटलं नाई म्हणजे बरोबरच केलं आपण. आठ दिवस तसंच वाटे. मंग एक दिवस दूध काढता काढता ध्यानात आलं, का माहाच हात कोनी धरला नाई, त दुसऱ्या कोनाचा धरतीन? माही पोरगी दिवसभर तेथं कोनाच्या भरोशावर राहते? म्हणून इकडं आणली. … हो, म्हणा ना, म्हणा! घरी कोनाच्या भरोशावर राहते, हेच म्हणून राह्यले ना तुमी मनात? दिसते मले तोंडावर.

नका उठू. बसा. राग नाई धरत मी — म्हणजे, येते राग. ते सांगूनच टाकतो आता. मांगच्या महिन्यात ते जेवाले बसली होती, वरणभात. मी आलो अन खुंटीवरून म्हशीचा दोर काढाले हात वर केला. दोरच घेत होतो, देवाशपथ. तिनं ताट उचललं अन डोक्यावर धरलं. सारा भात केसात, वरण मानेवरून खाली. ताट धरून तशीच बसली डोये मिटून. छाया चुलीजवळून माह्याकडं पाहून राह्यली. अन मी दोर घेऊन उभा. म्या म्हटलं, 'अवं नंदे, म्हशीसाठी आहे.' असं म्हणा लागलं मले. माह्या पोरीले.

कारण का लिहाचं? … लिहा, तेथं मीटिंगमंधी मी मारलं तिले. लिहा तसंच. आकडा नका टाकू. … टाका. टाका, चार.

किती राह्यले? एकच? वाचा.

…

पुन्हा वाचा.

'मुलीला कशाची भीती वाटते.' हं. पालीची. लिहा, पाल. … लिहिलं? खोडा. पालीले नाई भेत ते, शेपटीले धरून बाहेर फेकते. अंधार? अंधारात त एकटी गोठ्यात जाते. गणित लिहा, सगळेच लेकरं गणिताले भेतेत. … काऊन थांबले? चालून राह्यला ना पेन इतक्या वेळचा? तुमाले का वाटते, ते लिहिल्यावर घेतीन तिले? म्हणतीन, असल्या बापाची पोरगी कोन घेते अंगावर. अन चार वाजले का तेथची बी जागा गेली. घरी बसन लेकरू माह्यामुळं. … अन खोटं लिहिलं त हे सिस्टर तिले इचारीन तरी कशी? तेवढ्यासाठीच त आणली तिले येथं, का कोनीतरी इचारावं.

तुमी नका लिहू ते. द्या तो पेन इकडं. द्या म्हटलं ना — येते मले तेवढं लिहाले. तुमच्या अक्षरात नाई चालणार ते.

जा आता तुमी, पोरीच्या झोक्यापाशी जाऊन बसा. अन नंदिनी बाहेर आली त तिले तिकडंच थांबवजा जरासं. माह्याकडं पाहू नका. जा ना, बावा. मले लिहाले वेळ लागते.