हात लागलेला गोल

सद्वर्तनाच्या बक्षिसाचं नाव काढू नका माझ्यापुढे, अजून डोकं तापतं. मी लोणावळ्याच्या मिशन शाळेत होतो तेव्हा गोव्याच्या आणि सिलोनच्या ख्रिस्ती शाळा आमच्याकडे फुटबॉल खेळायला आल्या. एक कप जिंकणाऱ्यांना, दुसरा सद्वर्तनाचा. आमच्या संघात कुरवंड्याचा गणू होता. तो गावात हुतूतू खेळून वाढलेला. तिथं बोट लागलं की गडी आपणहून बाहेर जायचा, पंच लागायचाच नाही.

सिलोनविरुद्धच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटी गणूनं गोल मारला. पंच आमचे फादरच. त्यांनी शिट्टी वाजवून गोल दिला. गणू धावत त्यांच्याकडे गेला.

"न्हाई फादर, माजा हात लागला. गोल धरू नका."

"पंचाशी वाद घालतोस? मैदानाबाहेर हो!"

आणि गोल मात्र धरला! आम्ही जिंकलो. सद्वर्तनाचा कप सिलोनला, का, तर त्यांनी वाद घातला नाही म्हणे. अहो, आमच्या पोरानं वाद घातला तो स्वतःच्याच गोलाविरुद्ध!

गणूनं फादरना सरळ विचारलं, "म्हंजी मी गप ऱ्हायलो असतो, तर दोनी कप आपलंच?"

फादर डोळे वटारून म्हणाले, "बघ, पुन्हा वाद!"