डावीकडची पिवळी रेघ

चैत्राली : हात लावू नकोस. ट्रेमध्ये जसं ठेवलंय तसंच राहू दे.

अनीश : ताई, भंगार आहे ते. निमाईदाला बोल, फेकून देईल.

चैत्राली : निमाईदा गॅरेजमध्ये काढलेले पार्ट फेकत नाही. आधी गाडीवाल्याला दाखवतो, मग पिशवीत घालून देतो. बाबांनीच लावलेली सवय आहे ती त्याला.

अनीश : मग बघितलेस ना? झालं. तो गेला कुठे?

चैत्राली : जेवायला. मीच म्हटलं, निवांत जेवून या. बस त्या टायरवर.

अनीश : नाही बसत. न्यू टाउनच्या ऑफिसमधून हाफ डे टाकून आलोय. फोनवर तू असं बोललीस की वाटलं आईलाच काही झालं.

चैत्राली : आई आहे तशीच आहे. सकाळी परत गोळ्यांचा डबा घेऊन बसली होती. मंगळवारचा कप्पा उघडते, बघते, बंद करते. बाबांना जाऊन पाच महिने झाले, त्यांची ती गोळी अजून त्याच कप्प्यात आहे.

अनीश : सगळ्यांनी समजावलं तिला. बीपीची एक गोळी द्यायची राहिली म्हणून कोणी...

चैत्राली : तिला नाही पटत. म्हणते, मी गोळी विसरले, गाडी चालवताना त्यांना झटका आला, गाडी खांबावर गेली. रोज तेच, त्याच शब्दांत. जेवताना घास हातात धरून.

अनीश : डॉक्टरपण तेच बोलले ना. आधी झटका आला असणार.

चैत्राली : 'असणार' म्हणाले. अनीश, जुलैमध्ये गाडीचं पुढचं काम तू करून आणलंस. चाक ज्या सांध्यावर फिरतं, ते बॉल जॉइंट.

अनीश : हो.

चैत्राली : दोन्हीकडचे?

अनीश : हो. का?

चैत्राली : इथे का नाही आणलीस?

अनीश : निमाईदा बोलला चार दिवस लागतील. बेहालाला एक मेकॅनिक एका दिवसात देत होता. तू काय पोलीस आहेस का आता?

चैत्राली : हा उजवा. धर हातात. हलतो?

अनीश : नाही.

चैत्राली : आता हा डावा.

अनीश : राहू दे, दिसतंय मला.

चैत्राली : धर ना.

अनीश : धडकेने ढिला झाला असेल. खांबावर आपटलेली गाडी आहे, ताई.

चैत्राली : मीही निमाईदाला हेच म्हटलं. तो म्हणाला, धडकेनं वाकतं, तुटतं. झिजत नाही. आतून बघ, गोळीसारखं गुळगुळीत झालंय. हे एका दिवसाचं काम नाही, दोन-तीन वर्षांचं आहे.

अनीश : निमाईदाला काय, तो काहीपण बोलेल.

चैत्राली : पोलिसांनी काढलेला फोटो पाहिलास तू? रस्त्यावर एक ओरखडा आहे, डांबर खरवडलेलं. खांबाच्या किती आधीपासून सुरू होतो माहीत आहे? वीस पावलं. काल मी चालून मोजलं.

अनीश : तू तिथे गेली होतीस?

चैत्राली : पलीकडेच आहे. कंटेनरच्या ट्रकांनी खणलेला तो खड्डाही अजून तसाच आहे. चाक तिथे निसटलं. गाडी डावीकडे बसली, घासत गेली. खांब नंतर आला.

अनीश : ...मला पाणी पाहिजे.

चैत्राली : बाटली मागे आहे. आणि या डाव्या जॉइंटवर पिवळी रेघ आहे.

अनीश : असणारच. बाबा सगळ्यावर मारायचे. तीस वर्षं जहाजांचे बोल्ट तपासले, घरीपण तेच. नट जरा फिरला की रेघ तुटते, लगेच कळतं. पंख्यावर, कुकरच्या दांड्यावर... माझ्या सायकलवर तर इतक्या होत्या की पोरं झेब्रा बोलायची.

चैत्राली : त्यांनी तपासलं असेल तरच मारायचे. जुलैमध्ये त्यांच्या कमरेला पट्टा होता. गाडीखाली वाकता येत नव्हतं. म्हणून पहिल्यांदा डबा आणि ब्रश तुझ्या हातात दिला. तू रेघेचा फोटो पाठवलास, त्यांनी उत्तरात अंगठा पाठवला. तो अजून त्यांच्या फोनमध्ये आहे.

अनीश : ताई.

चैत्राली : उजवीकडची रेघ स्वच्छ लोखंडावर आहे. ही गंजावर आहे. नखाने निघते, बघ.

अनीश : नको काढूस.

चैत्राली : नाही काढत. हा खोका ओळखतोस? डिकीत होता, स्टेपनीच्या मागे, पिशवीत. नवा जॉइंट आहे. डावा. सीलसुद्धा फोडलेलं नाही.

अनीश : डिकीत? डिकीत कसा असेल, मी तर माळ्यावर...

चैत्राली : माळ्यावर कुठे?

अनीश : मखराच्या मागे.

चैत्राली : बस आता.

अनीश : त्या बेहालावाल्याकडे डावा नव्हता. बोलला, गुरुवारी येईल. आणि शनिवारी आम्ही मंदारमणीला बीचवर जाणार होतो, शौनक आणि सगळे. बाबांनी सांगितलेलं, दोन्ही बाजू झाल्याशिवाय चावी मिळणार नाही. मला वाटलं, एक रेघ तर मारायची आहे. गुरुवारी पार्ट आला, मी आणलापण. मग पुढच्या रविवारी लावू, मग त्याच्या पुढच्या. मंदारमणीला जाऊन आलो, काही झालं नाही. मला वाटलं, चालतेय ना. ताई, मला खरंच वाटलं चालतेय.

चैत्राली : चौघं होतात ना तुम्ही? हायवेवर?

अनीश : पाच.

चैत्राली : देवा.

अनीश : पण तो खोका डिकीत कोणी ठेवला?

चैत्राली : आई काय सांगते, आठव. त्या दिवशी बाबा मखर काढायला स्टुलावर चढले. गणपतीला आठ दिवस होते. आणि मखर न काढताच खाली उतरले. तिला वाटलं चक्कर आली. मग म्हणाले, बँकेत जाऊन येतो.

अनीश : बँक तर आपल्या घरामागे आहे, गार्डन रीचला.

चैत्राली : हो. पाच महिने मी हाच विचार करतेय, की बँकेत निघालेला माणूस गाडी काढून इकडे खिदिरपूरला कशाला येईल.

अनीश : इथे येत होते?

चैत्राली : सकाळी दहाला त्यांनी निमाईदाला फोन केला. डावी बाजू करायची आहे, पार्ट माझ्याकडे आहे, बारापर्यंत देशील का. निमाईदा म्हणाला, तुम्ही गाडी हलवू नका, संध्याकाळी मीच घरी येतो. तर म्हणाले, संध्याकाळी नको, संध्याकाळी मुलगा घरी असतो. हळू येतो म्हणाले, वीसच्या वर नेत नाही. त्यांना माहीत होतं, अनीश. काय हातात घेऊन निघालोय ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं?

अनीश : मला ओरडले का नाहीत? दोन लावायच्या होत्या मला. ऑफिसमध्ये फोन करायचा होता.

चैत्राली : पिशवीत अजून काय आहे ते बघ.

अनीश : रंगाचा डबा.

चैत्राली : आणि ब्रश. निमाईदाला म्हणाले होते, माझ्याकडे फोटो आहे. नव्या जॉइंटवर रेघ तशीच मारायची, अगदी तशीच, जराशी तिरकी. मुलाच्या लक्षात येता कामा नये.

अनीश : बस कर, ताई. प्लीज.

चैत्राली : झालं माझं. मला एवढंच माहीत आहे.

अनीश : निमाईदाने आधी का नाही सांगितलं?

चैत्राली : त्याला वाटलं, आपल्याला माहीत असेल. आणि काल हा डावा त्याच्या हातात आला, तेव्हा त्याने तो नुसता ट्रेमध्ये ठेवला. मीच विचारलं.

अनीश : आईला सांगणार तू?

चैत्राली : नाही.

अनीश : खरंच?

चैत्राली : मी नाही सांगणार. काल रात्रभर विचार केला. सांगितलं तर तुझं काय होईल, कळत नाही. नाही सांगितलं तर तिचं काय होतंय, ते रोज बघतेय.

अनीश : ती माझं तोंडपण बघणार नाही.

चैत्राली : असेलही.

(अनीशचा फोन वाजतो. स्क्रीनवर 'आई'.)

अनीश : काय बोलू?

चैत्राली : मला नको विचारूस.

अनीश : हॅलो... हो आई, गॅरेजमध्येच आहे. ताई पण आहे. नाही, जेवलो नाही... हो, दोन्ही बाजू. हो, निमाईदाच करतोय. आई, ऐक ना. तुझा तो गोळ्यांचा डबा आहे का जवळ? उघड जरा. मंगळवारचा. त्यातली गोळी काढून टाक... काढ तू, आई. का ते मी घरी येऊन सांगतो.